पाहुण्यांनी उभं राहावं

स्वागतबाईंनी बादलीतल्या फुलांतून दोन टवटवीत फुलं निवडली, देठ पुसले आणि दाराजवळच्या टेबलावर बाजूला काढून ठेवली. मग पायरीवर येऊन त्यांनी रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकली. कोपऱ्यावरून कुणी वळलं की त्यांची मान उंच व्हायची, आणि माणूस रोजच्या ओळखीचा निघाला की पुन्हा खाली यायची. आत पहिलं गीत सुरू झालं तरी बाई दारातच. शेवटी त्यांचे यजमान, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा नवरा, मागच्या बाकावरून दोनदा खाकरला, तेव्हा कुठे त्या आत गेल्या.

त्यांना खरं नाव होतं, नाही असं नाही. पण चर्चमध्ये ते कुणाच्या तोंडी नव्हतं. दुसरं गीत संपलं की बाईंनी पुढे यायचं, पदर सारखा करायचा आणि म्हणायचं, "आज आपल्यात पाहुणे आलेले आहेत. पाहुण्यांनी उभं राहावं." मग टाळ्या, मग फूल, मग सगळ्यांचे हसरे चेहरे मागे वळायचे. कितीतरी वर्षं हे काम त्यांच्याकडे होतं आणि त्यांनी ते मनापासून केलं. तरुण पोरं त्यांची नक्कल करायची, तीही इतकी हुबेहूब की बाईंनाच हसू फुटायचं.

अडचण एवढीच होती की गावात नवीन माणूस यायचाच बंद झाला होता. कारखाना होता तेव्हा दर महिन्याला कुणी ना कुणी यायचं. तो बंद पडला आणि पाहुणेही आटले. चांगली दोन वर्षं बाई रविवारी पुढे न येता बाकावर नुसत्या बसून राहिल्या, आणि हाताला काम नसलं की माणूस जसं चिडचिडं होतं तशा झाल्या. अशात ती सासू आणि सून आली. लांबच्या मुलखातल्या, वेगळ्या बोलीच्या, आणि अशा लोकांमधल्या की ज्यांच्याबद्दल गावाला फक्त वर्तमानपत्रात वाचलेलं ठाऊक. सासूचा मुलगा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा घरी यायचा. पहिल्या रविवारी दोघींचं असं काही स्वागत झालं की म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या रविवारी त्या पुन्हा आल्या. आता काय करायचं? मागच्या वेळी एवढ्या टाळ्या आणि या वेळी काहीच नाही, हे बरं दिसतं का? बाईंनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या रविवारीही म्हटलं. असं करता करता तीन वर्षं होत आली होती, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. उलट पाळकसाहेब बाहेरगावी गेले की सांगायचे, स्वागत कसं करावं ते आमच्या मंडळीकडून शिका.

आणि आता सलग दुसऱ्या रविवारी त्या दोघी आल्या नव्हत्या. टेबलावरची फुलं बाईंनी उपासना संपल्यावर घरी नेली.

पोटात प्रश्न राहिला की बाईंना जेवण जात नसे. काय बरं झालं असेल? आजारी असतील? चहा गार होता का त्या दिवशी? कुणी काही टाकून बोललं का? एकेक शंका त्या यजमानांपुढे मांडत होत्या आणि यजमान भिंगातून एका घड्याळाच्या पोटात बघत होते.

"पाहुणेच ते," यजमान म्हणाले. "पाहुणे कधीतरी जायचेच."

"असे न सांगता जातात का?"

यजमानांनी भिंग काढलं, बायकोकडे पाहिलं आणि जाऊन विचार की, असं म्हणून पुन्हा भिंग लावलं. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की जेवण निवतंय. पण बाईंनी तो सल्ला मानला.

नुसतं उठून चौकशीला जाणं बाईंना प्रशस्त वाटेना. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड त्यांनी काढून घेतलं. त्यावर द्राक्षरसाचा एक जुना डाग होता, तो इतकी वर्षं कुणालाही खुपला नव्हता, तो आता त्यांना फार खुपू लागला. सून स्टेशनमागच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. बुधवारी दुपारी बाई कापडाची घडी छातीशी धरून तिथे पोचल्या.

लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. पुढे गल्ला आणि लाकडी फळी, मागे टांगलेल्या कपड्यांच्या रांगा, आणि मधोमध वाफेच्या ढगात सून. गल्ल्याशेजारच्या खुर्चीत सासू बसली होती आणि टोपलीतले मोजे एकाला एक जुळवून त्यांच्या गुंडाळ्या करत होती. बाईंना पाहताच म्हातारीने हातातला मोजा टाकला आणि त्यांचे दोन्ही हात धरले. तिला त्यांची भाषा मोजकीच येत होती, त्यातले दोन शब्द तिने शोधून काढले.

"रंग वाळला?"

कसला रंग? बाईंनी सुनेकडे पाहिलं. सून एका कॉलरमध्ये अशी काही गढून गेली होती की जणू जगात ती एकच कॉलर उरली आहे. त्यांनी मान अशी हलवली की होही म्हणता येईल आणि नाहीही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक कोट न्यायला आलं. बोलका गृहस्थ होता. सून कोट शोधेपर्यंत गप्प बसवेना, म्हणून त्याने म्हातारीलाच विचारलं की आजी, तुम्ही कुठल्या, कोण लोक तुम्ही. प्रश्न तिला समजला. ती खुर्चीत ताठ झाली, छातीवर हात ठेवला आणि एखाद्या मोठ्या घराण्याचं नाव सांगावं तसं सांगितलं.

"पाहुणे. आम्ही पाहुणे."

तो मनापासून हसला, कोट घेऊन निघून गेला. बाईसुद्धा हसल्या. आजी मोठ्या गमतीच्या आहेत हो, असं काहीतरी म्हणायला त्या सुनेकडे वळल्या, आणि सुनेचा चेहरा पाहून वाक्य अर्ध्यावरच राहिलं. सुनेने इस्त्री स्टँडवर ठेवली. आत या म्हणाली, कापड बघते.

कपड्यांच्या रांगेमागे तिने कापड पसरलं, डागावर बोट ठेवलं आणि खाली बघूनच बोलू लागली. तिची भाषा आता चांगली झाली होती. एवढी चांगली कधी झाली हे बाईंना ठाऊकच नव्हतं. चर्चमध्ये ते कळायला तिच्याशी कधी तेवढं बोलणंच झालं नव्हतं.

"आईंना वाटतं, तुमच्या भाषेत आमच्या लोकांचं नाव पाहुणे आहे."

"म्हणजे?"

"दर रविवारी तुम्ही तो शब्द म्हणता आणि सगळे आमच्याकडे बघतात. त्यांना दुसरं काय वाटणार?"

बाईंना पुन्हा हसू येणार होतं, पण ते आलं नाही. त्यांनी विचारलं, मग तू, म्हणजे तुम्ही, खरा अर्थ सांगितला नाहीत? सून म्हणाली, सुरुवातीला हसण्यावारी नेलं. मग एकदा आईंना गावाकडच्या बहिणीशी फोनवर बोलताना ऐकलं. त्या सांगत होत्या की आपलं नाव आजवर कुणी चांगल्या तोंडाने घेतलं नाही, नाव कळलं की दुकानदार वजनात मारायचा, शेजारी दार लावून घ्यायचे. आणि इथे देवाच्या घरात आपलं नाव घेतात, उभं राहायला सांगतात आणि टाळ्या वाजवतात. बाहेर म्हातारी मोजे जुळवताना काहीतरी गुणगुणत होती, ती चाल चर्चमधल्याच गीताची होती.

"आता हे मी कुठल्या तोंडाने खोटं ठरवू?" सून म्हणाली.

"मग येणं का बंद केलंत?"

"कारण मला अर्थ कळतो ना, मावशी." तिने डागावरचं बोट काढलं. "मी दर रविवारी येते, आणि दर रविवारी मी नुकतीच आलेली असते. चहाला मला पहिला कप. कप विसळायला गेले तर दहा जणी हातातून काढून घेतात. सगळ्या मुलींना तुम्ही अगं-तुगं करता, उशीर झाला तर दटावता. मला अहो-जाहो. माझ्यावर तुम्ही कधी रागावला नाहीत, तीन वर्षांत एकदाही."

आयुष्यात कुणी बाईंच्या पाहुणचाराला नाव ठेवलं नव्हतं, आणि आता ठेवलं तर हे ठेवलं, की तो फार चांगला होता. त्यांना वाईट वाटलं, रागही आला, आणि या दोन्हींपेक्षा जास्त, त्यांना लाज वाटली.

आता तुम्ही ते वाक्य म्हणू नका असं सांगावं, असंही माझ्या मनात आलं होतं, सून म्हणाली. पण नाही म्हटलंत तर आई मला विचारतील, आज आपलं नाव का घेतलं नाही, आपलं काय चुकलं? म्हटलंत तर मला बसवत नाही, आणि नाही म्हटलंत तर त्यांचा मान जातो. म्हणून मी त्यांना सांगून टाकलं की चर्चला आतून रंग देताहेत, तो वाळेपर्यंत बंद आहे. रोज सकाळी विचारतात, रंग वाळला का म्हणून.

बाहेर आल्यावर म्हातारीने पुन्हा तेच विचारलं. या वेळी प्रश्न बाईंना नीट कळला. सुनेने मागून डोळ्यांनी खुणावलंही, की अजून नाही म्हणा. पण म्हातारी अशा काही आशेने बघत होती की बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"वाळला. रविवारी या."

मागे इस्त्रीची वाफ फस्सकन सुटली. बाई मागे न बघता दुकानातून निघाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येऊन त्यांनी सगळं यजमानांना सांगितलं. यजमानांनी ऐकून घेतलं आणि हा तिढा आपल्या धंद्यातला नाही असं कबूल केलं. मग बाई पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळकसाहेब भला माणूस. ते म्हणाले, त्यात काय, शब्द बदला. बाईंनी आरशासमोर उभं राहून शब्द बदलून पाहिले. आपल्यात नवीन मंडळी आलेली आहेत. तीन वर्षांची नवीन? लांबून आलेली मंडळी. म्हणजे पुन्हा लांबच ठेवल्यासारखं. आपले प्रिय भाऊबहीण. मग बाकीचे काय अप्रिय? आणि काही म्हटलं तरी म्हातारीला तिचा तो एक शब्द ऐकू यायला हवा होता. शनिवारपर्यंत बाईंनी इतकी वाक्यं जुळवून मोडली की यजमान म्हणाले, आता आरशालाच पुढे पाठव.

रविवारी सासू-सून आल्या त्या पहिलं गीत अर्ध्यावर आल्यावर. सुनेच्या हातात मेजावरच्या कापडाची घडी होती आणि डाग कुठे होता ते शोधूनही सापडत नव्हतं. म्हातारीने आत पाऊल टाकताच भिंतींकडे कौतुकाने पाहिलं. भिंती तशाच होत्या, तरी तिला त्या उजळ दिसल्या असाव्यात.

"किती उशीर गं?" बाई सुनेवर दबक्या आवाजात खेकसल्या. "मेज उघडं पडलंय तिकडे. पळ, घालून ये कापड."

सून क्षणभर बघतच राहिली. मग खरोखरच पळाली.

तिने कापड घातलं, कोपरे ओढून सारखे केले आणि सासूशेजारी येऊन बसली. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. नेहमीप्रमाणे त्यांनी मागितलं की सगळ्या दिशांची, सगळ्या बोलींची, सगळ्या रंगांची माणसं एक दिवस देवाच्या मेजाभोवती एकत्र बसोत. हे मागणं बाई लहानपणापासून ऐकत होत्या आणि त्यावर आमेन म्हणत होत्या. या रविवारी डोळे मिटलेले असताना त्यांना एक प्रश्न पडला. त्या दिवशी तिथे दाराशी कोण उभं असेल? आपण नक्कीच नाही. आपल्यालासुद्धा कुणीतरी आत घ्यावं लागेल. तिथे कुणी आधी कोण आलं, नंतर कोण, असं विचारणार नाही, आणि आमच्या कुळीने चर्चला बाक दिले होते हेही सांगून चालणार नाही. मग आपण तिथे कोण? उत्तर येईपर्यंत प्रार्थना संपली आणि दुसरं गीत सुरू झालं. तेही संपलं.

बाई पुढे आल्या. पदर सारखा केला. तयार केलेलं एकही वाक्य आठवेना. समोर तिसऱ्या बाकावर म्हातारीने उठण्यासाठी पुढच्या बाकाची पाठ आधीच धरून ठेवली होती, आणि तिचा चेहरा फुलला होता. शेजारी सून मांडीवरच्या हातांकडे बघत होती. ती अंग आवळून बसली होती.

"आज आपल्यात पाहुणे आलेले आहेत," त्यांच्या तोंडून जुनंच वाक्य निघालं. सवयच ती. "पाहुण्यांनी उभं राहावं."

म्हातारी उभी राहिली. सून हलली नाही. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "टाळ्या नकोत. माझं झालेलं नाही अजून."

त्यांनी मागे मेजाकडे पाहिलं. पांढरंशुभ्र कापड, त्यावर भाकर आणि प्याला. त्यातलं काहीही त्यांनी आणलेलं नव्हतं. आजवर त्या याच मेजासमोर उभ्या राहून लोकांना या म्हणत आल्या होत्या, आपल्याच घरचं जेवण असल्यासारख्या.

"मीही उभीच आहे," त्या म्हणाल्या. "हे घर माझं नाही. मलाही इथे कुणीतरी बोलावलं, म्हणून मी आले. तुमच्यापैकी कुणाचं असेल हे घर, तर त्याने खुशाल बसून राहावं. बाकी पाहुण्यांनी उभं राहावं."

कुणाला काही कळेना. एक दोघं हसले. बाईंचं वय झालं, असं पुढच्या बाकावर कुणीतरी शेजारणीच्या कानात सांगितलं, आणि ते बाईंना ऐकू आलं. आता हसं होणार, त्यांच्या मनात आलं, आणि ही पोर पुन्हा कधी इथे पाऊल ठेवणार नाही. तेवढ्यात मागे बाक करकरला. गुडघ्यामुळे यजमान गीतालासुद्धा उभे राहत नसत. ते पुढच्या बाकाचा आधार घेत, कण्हत, सावकाश उभे राहिले.

"मग यजमान कोण?" पोरांमधून कुणीतरी खुसपुसलं.

"मी नाही बाबा," ते म्हणाले.

पाळकसाहेब खुर्चीतून उठले. मग गाणाऱ्या मुली उठल्या. मग एक बाक, मग त्याच्या मागचा, कुणी समजून, कुणी शेजारचा उठला म्हणून, आणि कानात सांगणारी सगळ्यांच्या शेवटी. सगळं चर्च उभं राहिलं. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण एका सुनेशिवाय वाजवायला बसलेलं कुणी उरलंच नव्हतं. तिने वर पाहिलं, चहूकडे पाहिलं, आणि मग तीही उठली.

म्हातारी मात्र गोंधळून गेली होती. ती मान वळवून एकेका चेहऱ्याकडे बघत होती. पाळकसाहेब उभे, घड्याळवाले उभे, आपल्या नावावर हे सगळे उभे. तिने सुनेची बाही ओढली आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. ऐकू कमी येत असल्यामुळे ते तिने चांगलं मोठ्याने विचारलं. सुनेने ओठ चावले. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींतलं काय आधी हे ठरत नव्हतं.

"काय म्हणतात गं आई?" बाईंनी पुढूनच विचारलं.

सुनेने डोळे पुसले.

"विचारताहेत, हे सगळे आपलेच लोक आहेत, तर मग तीन वर्षं बोलले का नाहीत?"